शीर निळी, रक्त नव्हे

आमच्या घरच्या ग्रुपवर अधूनमधून उगवणारा मेसेज परवा पुन्हा उगवला: 'मनगटावरच्या शिरांत निळं, अशुद्ध रक्त साचलेलं असतं. हवा लागली की ते लाल होतं. हृदय ते शुद्ध करतं. हृदय डावीकडे असतं, म्हणून डाव्या कुशीवर झोपू नका.' खाली काढ्याची कृती.

आधी रंग. रक्त तपासायला दिलंय ना कधी? दंडाला रबरी पट्टा आवळतात, शीर तट्ट फुगते, सुई जाते आणि हवा आधीच काढून घेतलेल्या नळीत रक्त उतरतं. वाटेत त्याला हवा लागत नाही. तरी ते लालच असतं, फक्त गडद, डाळिंबाच्या सालीपेक्षाही काळपट. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की लाल गडद होतो, निळा होत नाही. निळेपण त्वचेमुळे दिसतं: लाल प्रकाश खोल शिरतो आणि शिरेतल्या रक्तात बराचसा मुरतो, निळा वरवरूनच परततो. आपली भाषाही फसवते. शिरेला जुन्या पुस्तकांत 'नीला' म्हणत, आणि शाळेत हृदयाची उजवी बाजू आपणच निळ्या खडूने रंगवली.

'अशुद्ध' हा शब्द तर मला मुळीच पटत नाही. विश्रांतीत शिरांतून परतणाऱ्या रक्तात जवळपास तीन चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लक असतो. त्यात मळ नसतो. शिवाय शिरा म्हणजे अशुद्ध, धमन्या म्हणजे शुद्ध, हेही खरं नाही: फुप्फुस धमनी कमी ऑक्सिजनचंच रक्त नेते आणि फुप्फुस शिरा ताजं रक्त परत आणतात.

हृदय काहीही गाळत नाही. ते एकाला एक चिकटलेले दोन पंप आहेत. उजवा निलय, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलतो, डावा सगळ्या अंगभर. म्हणूनच डाव्याची भिंत कितीतरी जाड. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलीटर, मिनिटाला सुमारे 5 लीटर. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं काढतात, युरिया मूत्रपिंडं. हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडेच जातो. काढा मात्र पोटात जातो, आणि पुढचं काम यकृत-मूत्रपिंडांनाच करावं लागतं.

हृदय छातीच्या मधोमध, टोक डावीकडे कललेलं. त्या कुशीवर धडधड जास्त जाणवते. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही. झोपताना धाप लागत असेल तर कूस बदलून भागणार नाही, डॉक्टरांकडे जा.

राहिलं 'साचलेलं'. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 च्या पुस्तकात दाखवलेला प्रयोग आत्ता करा. हात खाली लोंबता सोडा. पंजाच्या पाठीवरची ठळक शीर बोटांच्या बाजूला एका बोटाने दाबा आणि दुसऱ्या बोटाने मनगटाकडे निपटत न्या. दुसरं बोट उचला. शीर रिकामीच राहते, कारण आतल्या झडपा रक्ताला उलटं येऊ देत नाहीत. आता पहिलं बोट उचला. खालून भरते की नाही, बघा.