कल हाती येताना

साइड स्टँडवर जास्त कललेली मोटारसायकल ही सार्वजनिक मालमत्ता असते. येणारा-जाणारा तिच्यापाशी थांबतो, मान तिच्याइतकीच तिरकी करतो आणि म्हणतो, "अहो, पडेल हं गाडी." वॉचमन म्हणतो, दूधवाला म्हणतो, शेजारच्या स्कूटरचे मालक तर जरा वरच्या पट्टीतच म्हणतात. मग उपाय येतात. पाइप घालून स्टँड वाकवा. खाली एक मोठा नट वेल्ड करा. गाडीच विकून टाका. मोजून बघा असं मात्र कुणी म्हणत नाही. मतमोजणीआधीच कल हाती आलेले असतात.

मोजायला मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप पुरतं. मोबाइलचं कव्हर काढायचं, हँडल सरळ करायचं आणि मोबाइल मागच्या चाकाच्या रिमवर किंवा डिस्कवर सपाट टेकवायचा. आता पार्किंगची फरशी. ती सपाट आहे असं फक्त बिल्डर म्हणतो, पाणी वाहून जायला तिला उतार दिलेलाच असतो. म्हणून एकदा मोजल्यावर गाडी तिथेच उलट्या तोंडाने लावून पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकड्यांची सरासरी धरायची. फरशीचा उतार आपोआप वजा होतो. दहा ते बारा अंश आले तर गाडी ठीक आहे, सल्लागार बदला. पंधराच्या पुढे गेलं की खरं दुखणं. कार्बोरेटरच्या गाडीत फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, तिरका होऊन ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकू शकतं, आणि सकाळी गाडी उचलून सरळ करताना कंबर आपलं वय सांगते.

आकडा मोठा आला की सगळे खाली बघतात. दोष बहुतेक वेळा वर असतो. स्टँड खाली केल्यावर तो पुढे जाऊन जिथे अडतो तो स्टॉपर, स्टँड ज्याच्याभोवती फिरतो त्या बोल्टपासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर, आणि जमिनीला टेकणारा पाय अठ्ठावीस-तीस सेंटिमीटरवर. म्हणजे स्टॉपर दोन मिलिमीटर झिजला की पाय जवळजवळ दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. पुढे सरकला की तेवढा आडवा होतो, आडवा झाला की उंची गेली. हा बोल्ट फ्रेमवरच्या ज्या ब्रॅकेटमध्ये बसतो त्याच्या दोन कानांमधली फटही अशीच: वर एक मिलिमीटर झोल, खाली बोटभर. गाडीला कुणाला तरी सरळ धरायला सांगा, स्टँड खाली करून त्याचा पाय हाताने आत-बाहेर हलवा. लोकलच्या दारातल्या माणसासारखा झुलत असेल तर बिचाऱ्या पायाची लांबी पुरेशी आहे, खांदा निखळलाय.

हा खांदा निखळतो कसा, हे कुठल्याही चहाच्या टपरीसमोर बघायला मिळतं. स्टँडवरच्या गाडीवर एकजण बसलेला, दुसरा टाकीला रेललेला, तिसरा मागे पाय हलवत. स्टँड गाडीसाठी बनवलाय, मित्रमंडळासाठी नाही. त्याहून वाईट म्हणजे साइड स्टँडवर उभ्या गाडीला वर चढून किक मारणं. बुलेटवाले हे विशेष निष्ठेने करतात. प्रत्येक किकेला सगळा भार त्या एका ब्रॅकेटवर येतो. कान फाकतात, बोल्टचं भोक लंबगोल होतं, कधी फ्रेमच्या जोडाला बारीक चीर जाते. चीर दिसली तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी तिची सोय करा.

स्टँड काढताना स्प्रिंग आडवी येते. स्क्रू-ड्रायव्हरने ओढायला गेलात तर ती सुटेल, पण कुठे जाईल ते सांगता येणार नाही. त्यापेक्षा गाडी डबल स्टँडवर घ्या, साइड स्टँड अर्ध्यावर धरा. तिथे स्प्रिंग सर्वांत जास्त ताणलेली असते. तिच्या वेढ्यांमध्ये बाहेरून सात-आठ जुने वॉशर खोचा आणि स्टँड पुन्हा खाली सोडा. स्प्रिंगला आता आखडता येत नाही, हूक हाताने निघतो. एवढं सगळं करताना डोळ्यांवर चष्मा हवा, शोभेचा नव्हे.

बोल्ट बाहेर आला की त्याच्या अंगावर नख फिरवा. नख अडेल अशी पायरी पडली असेल तर तो बदलायचा, नटही नवा. भोक लंबगोल झालं असेल तर लेथवाल्याकडून मोठं करून त्यात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवून घ्यायचा. कानांमधली फट पितळी वॉशरने भरते. हातोड्याने कान चेपायचा मोह टाळा. झिजलेल्या स्टॉपरवर वेल्डिंगचा एक थर चढवून तो कानशीने थोडा थोडा उतरवत न्यायचा. इथे हात आखडता ठेवा. स्टॉपर जास्त भरला तर स्टँड पुढे झुकायच्या ऐवजी उभा राहतो, आणि गाडीला पुढे जरा धक्का लागला की मिटून जातो. मग गाडी खरोखरच पडते आणि वॉचमन वर्षभर "मी म्हटलं होतं" म्हणतो.

एवढं करूनही कल राहिला, किंवा तुम्ही मागे लांब शॉकअप टाकलेत, तर पाय वाढवायचा. शॉकअपने मागची बाजू इंचभर उचलली की स्टँडच्या जागी साधारण अर्धा इंच उंची वाढते, आणि तेवढ्यावर कल अडीच अंशांनी वाढतो. टायरचा दोष मात्र लोक उगाच मोठा करतात. मागे 2.75-18 च्या जागी 3.00-18, म्हणजे पाव इंच जाड टायर, टाकला तर एक्सल सहाच मिलिमीटर वर जातो, स्टँडपाशी त्याच्या निम्मं.

किती वाढवायचं हे सुताराकडचे प्लायचे तुकडे सांगतात: सहा, नऊ, बारा मिलिमीटरचे. एकेक पायाखाली सरकवून बघा. चाकाच्या रेषेपासून स्टँडचा पाय साधारण तीस सेंटिमीटर बाहेर असतो, त्यामुळे सहा मिलिमीटरला अंशभर, बाराला सव्वादोन अंश. चांगला आकडा मिळाला की तुकडा तसाच ठेवून हँडल दोन्हीकडे वळवा, मागे सामान लावा, टाकी भरा आणि रस्त्याच्या कडेला दोन्ही तोंडांनी गाडी लावून बघा. डांबरी रस्त्याला कडेकडे दोन-अडीच टक्के उतार असतो. डाव्या कडेला सरळ तोंडाने लावलीत तर कल सव्वा-दीड अंश वाढतो, उलट्या तोंडाने तेवढाच घटतो. आठ अंशांच्या खाली गेलेली गाडी फार देखणी दिसते आणि शेजारच्या गाडीवर उजवीकडे पडते.

मग वेल्डिंगवाला. तो प्लायकडे बघतच नाही. "साहेब, हत्ती उभा राहील," म्हणत वीस मिलिमीटरचा ठोकळा उचलतो. "दादा, हत्ती नाही, एकशेवीस किलोची गाडी आहे," असं म्हणून तुमच्या मापाची पट्टी त्याच्या हातात द्या. सहा मिलिमीटरची लोखंडी पट्टी, सत्तर बाय पन्नास, लागतील तितके थर, कोपरे गोल. स्टँड काढूनच न्या. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून फिरून येतो. रंग आणि मुलामा ग्राइंडरने उडवून लोखंड उघडं करा. आधी दोनच टाके मारायचे, स्टँड गाडीला लावून पट्टी जमिनीला सपाट टेकते का ते बघायचं, मग पुरता जोड. गरम जोडावर पाणी ओतायची या धंद्यात फार हौस असते, ओतू देऊ नका. स्टँड अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर हे काही करूच नका, नटबोल्टने आवळायची तयार चकती मिळते ती लावा.

घरी आणल्यावर रेड ऑक्साइड, वर काळा रंग, बोल्टला ग्रीस. स्टँड मिटवून बघा: नवी पट्टी चेनला, सायलेन्सरला किंवा गिअरच्या पायपट्टीला लागत नाही ना, डावीकडे वळताना जमिनीला घासणार नाही ना, वर केल्यावर स्प्रिंग त्याला घट्ट ओढून धरते ना. स्टँड खाली असला की इंजिन बंद करणारा स्विच असेल तर तो चालतोय याची खात्री करा.

प्लायचे तुकडे फेकू नका. मे महिन्यात दुपारी डांबर मऊ होतं, स्टँडचा पाय त्यात हळूहळू रुतत जातो आणि मेहनतीने कमावलेले दोन अंश तासाभरात परत जातात. बारा मिलिमीटरचा तुकडा डिकीत असू द्या. नऊचा वॉचमनला द्या, त्याच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे.