खुलासा : रबरी बेडकावर उसळी दिसली की लगेच रॉडला झटका मारायचा नसतो

गळ टाकणाऱ्यांच्या गटांत सध्या एक व्हिडिओ फिरतोय : वाळवंटातला तलाव, पाण्यावर सरकणारा पोकळ रबरी बेडूक (माशाला भुलवणारं नकली आमिष), त्यावर बास माशाची उसळी. खाली सल्ला, ‘पाणी फुटताच झटका मारा, कृष्णेतही असेच बास लागतात.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

लार्जमाउथ बास मूळचा उत्तर अमेरिकेतला. कोलोरॅडो नदीवरच्या हवासू, मीड या तलावांत तो भरपूर आहे. सांगलीच्या आसपास जलपर्णीच्या कडेला बेडकावर तुटून पडते ती आपली मरळ.

झटका लवकर का फसतो? बेडकाचे दोन्ही गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात, म्हणूनच तो जलपर्णीत अडकत नाही. मासा चावला आणि रबर दबलं, तरच टोकं उघडी पडतात. त्याआधी ओढलं की बेडूक सरळ तोंडाबाहेर. उसळीनंतर रॉड खाली करा, सैल दोरी गुंडाळा, वजन जाणवू द्या (साधारण एक-दोन सेकंद), मग जोरात वर ओढा. मरळीचा जबडा हाडांचा. ताणणारी नायलॉन दोरी तिथे कुचकामी, ५० पौंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी घ्या. तरीही मासे सुटत असतील तर टोकं पकडीने किंचित बाहेर वाकवा. फार वाकवलीत तर प्रत्येक फेकीला पालाच येईल! बेडूक बुडायला लागला तर पोटातलं पाणी दाबून काढा.

पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तिथे बेडूक टाकू नका. राखणीला असलेली मरळ भुकेने नव्हे, रागाने चावते, आणि ती गेली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.