येमेनविषयी भावनिक न होता कसे बोलावे

येमेनवर अधिकारवाणीने बोलायचे असेल, तर प्रथम नकाशा उघडावा आणि त्यातला येमेन तळहाताने झाकून टाकावा. बाजूला तांबड्या समुद्राच्या मुखावरची बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी तेवढी दिसत राहील, आणि बोलायचे असते ते तिच्याविषयीच. सुएझकडे जाणारी जहाजे, आफ्रिकेला वळसा घालण्याचा वाढीव खर्च, विम्याचे हप्ते, खनिज तेलाचे भाव, एवढ्या सामग्रीवर तासाभराचे व्याख्यान आरामात निघते आणि तळहाताखालच्या तीन कोटींहून अधिक माणसांचा उल्लेखही करावा लागत नाही.

पहिल्या पाच मिनिटांत ‘इराण’ हा शब्द आलाच पाहिजे.

हे मार्गदर्शन मी अनुभवातून करते आहे. गेल्याच महिन्यात आमच्या शहरातल्या एका व्याख्यानमालेत पश्चिम आशियावर एका जाणकार वक्त्यांचे भाषण झाले. क्षेपणास्त्रांचे पल्ले त्यांना पाढ्यांसारखे तोंडपाठ होते. प्रश्नोत्तरांत मी येमेनमधल्या दाहयान गावात बॉम्ब पडलेल्या शाळकरी मुलांच्या बसविषयी विचारले, तेव्हा ते मंद हसले आणि म्हणाले, ‘‘ताई, विषय भावनिक करू नका, आपण व्यूहरचनेबद्दल बोलतो आहोत.’’ अध्यक्षांनी लगेच वेळ संपल्याचे जाहीर केले. शाल, श्रीफळ आणि आभारप्रदर्शनाला मात्र भरपूर वेळ उरला होता. त्या मंद हास्याचे मनन करून पुढील सूचना तयार केल्या आहेत.

परकीय फौजा नेहमी निमंत्रणावरूनच आल्या होत्या, असे सांगावे. इराणचे पाठबळ असलेल्या हुथी बंडखोरांनी 2014 च्या सप्टेंबरात येमेनची राजधानी सना ताब्यात घेतली, येमेनचे अध्यक्ष हादी यांनी मदत मागितली आणि 26 मार्च 2015 रोजी सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने बॉम्बफेक सुरू केली, इथपर्यंत सांगून थांबावे. हादी त्याच सुमारास सौदी राजधानी रियाधला पोहोचले, पुढची बहुतेक वर्षे तिथेच राहिले आणि 2022 मध्ये आपले अधिकार त्यांनी एका परिषदेकडे सोपवले तेही रियाधमध्येच बसून, हा तपशील श्रोत्यांचा गोंधळ उडवतो.

बॉम्बच्या आधी ‘अचूक’ हे विशेषण लावण्यास विसरू नये. त्याचा खरा उपयोग बॉम्ब चुकीच्या ठिकाणी पडल्यानंतर कळतो, कारण अचूक शस्त्राची चूक ही नेहमी माहितीची चूक असते, माणसाची कधीच नसते. 8 ऑक्टोबर 2016 रोजी सनामधल्या एका मोठ्या सभागृहात मयताच्या सांत्वनासाठी शेकडो लोक जमले होते. तिथे बॉम्ब पडला, लोक जखमींना बाहेर काढण्यासाठी धावले, आणि दुसरा पडला. किमान 140 माणसे मेली आणि पाचशेहून अधिक जखमी झाली. आघाडीच्या चौकशी पथकाने चुकीची माहिती मिळाल्याचे सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी मोखाजवळ लग्नाच्या मांडवावर बॉम्ब पडले होते, त्याची जबाबदारी आघाडीने नाकारली. 2016 च्या मार्चमध्ये मस्तबाच्या बाजारावर पडले, तिथे नव्वदहून अधिक माणसे गेली. लग्नकार्य, बाजार आणि मयत या तीन प्रसंगांना माणूस घराबाहेर पडणारच. येमेनी माणसाने यांपैकी कशाकशाला जायचे सोडावे, याची यादी आपल्या व्यूहरचनाकारांनी एकदा त्याला कळवायला हवी.

आणि ती बस. 9 ऑगस्ट 2018, सादा प्रांतातले दाहयान गाव. उन्हाळी वर्गाची मुले सहलीला निघाली होती, बहुतेक दहा-अकराच्या आतली. त्यांतल्या एका मुलाने मोबाइलवर केलेले चित्रीकरण नंतर सापडले : बसमधला गोंगाट, दाटीवाटीने बसलेली पोरे, कॅमेऱ्यात तोंड यावे म्हणून चाललेली ढकलाढकली. खाण्यापिण्याचे घेण्यासाठी बस बाजारात थांबली आणि त्याच वेळी तिच्यावर लेझरने दिशा दाखवलेला, लॉकहीड मार्टिन कंपनीचा, सव्वादोनशे किलोंचा बॉम्ब पडला. रेडक्रॉसच्या आकड्यांनुसार 51 मृत्यू, त्यांत 40 मुले. युनिसेफने दिलेली निळी दप्तरे रस्त्यावर पडली होती. आघाडीने पहिल्या दिवशी ही ‘वैध लष्करी कारवाई’ असल्याचे सांगितले. जगभर ओरडा झाल्यावर तीन आठवड्यांनी चूक मान्य केली. पहिल्या दिवशी वैध असलेली कारवाई तीन आठवड्यांनी चूक कशी ठरते, हा प्रश्न मला विचारायचा होता, आणि एवढा प्रश्न विचारला की बाई भावनिक होते! सव्वादोनशे किलोंचा बॉम्ब ही व्यूहरचना, आणि त्याच्याखालचे निळे दप्तर ही भावना, अशी ही वाटणी आहे. मुलांच्या पालकांनी ती कधी मान्य केली होती, कोणी सांगेल का?

असो. मार्गदर्शनाचा सूर बिघडता कामा नये.

उपासमारीला ‘मानवतावादी संकट’ म्हणावे, म्हणजे ती दुष्काळासारखी आभाळातून पडली असे वाटते. येमेन आपला जवळजवळ सगळा गहू बाहेरून आणतो आणि त्याचा मोठा हिस्सा होदेदा बंदरातून येतो. ऑगस्ट 2015 मध्ये आघाडीच्या विमानांनी त्या बंदरातल्या क्रेन निकामी केल्या. जागतिक अन्न कार्यक्रमाने अमेरिकेच्या पैशातून चार नव्या क्रेन घेतल्या, तर त्या 2017 च्या आरंभी बंदराच्या तोंडावरून परत पाठवल्या गेल्या आणि पोहोचल्या त्यानंतर एका वर्षाने. त्याच 2017 मध्ये कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांचा आकडा दहा लाखांवर गेला. सनाचा विमानतळ ऑगस्ट 2016 ते मे 2022 प्रवासी विमानांना बंद होता. परदेशी उपचारांची वाट पाहणारे कितीतरी रुग्ण तिथेच संपले. 2021 च्या अखेरपर्यंत या युद्धाने 3,77,000 बळी घेतले असतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे, आणि त्यांतले सुमारे 60 टक्के भूक, रोगराई आणि उपचारांच्या अभावाने गेले. हे मृत्यू क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यात येत नाहीत, त्यामुळे व्याख्यानातही येत नाहीत.

2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मुलांचे बळी घेणाऱ्यांच्या यादीत सौदी आघाडीचे नाव घातले आणि काही दिवसांतच ते काढले. निधी आटेल अशी भीती घातली गेल्याचे सरचिटणीस बान की-मून यांनी स्वतःच सूचित केले. यावर बोलू नये.

येमेनी माणूस स्वतः बोलू लागला, तर त्याला आधी विचारावे की तू हुथींचा की सौदीचा. तिसरे उत्तर ऐकून घेऊ नये. मवाताना नावाची येमेनी मानवाधिकार संस्था आहे. तिच्या अध्यक्ष राधिया अल-मुतवक्किल 2017 मध्ये सुरक्षा परिषदेपुढे बोलून आल्या. या संस्थेने आघाडीचे हवाई हल्ले नोंदवले. हुथींनी पेरलेले सुरुंग, त्यांनी भरती केलेली मुले आणि ताइझ शहराची त्यांनी केलेली कोंडीही नोंदवली. आघाडीतल्या संयुक्त अरब अमिरातीच्या पाठबळावरच्या फौजांचे छुपे तुरुंगही सोडले नाहीत. म्हणजे तिन्ही बाजूंच्या शिव्या खाण्याची पुरेपूर सोय. सनामध्ये दर 26 मार्चला आक्रमणाच्या निषेधाची प्रचंड सभा होते आणि ती हुथीच भरवतात, हे खरे आहे. पण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हुथी ठरवण्यापूर्वी त्याच्या घराचे छप्पर शाबूत आहे का, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. आणि येमेनच्या पूर्वेकडच्या माहरा प्रांताचे काय करायचे? तिथे हुथी पोहोचलेच नव्हते. तरीही 2018 मध्ये तिथल्या लोकांनी सौदी फौजा परत जाव्यात म्हणून धरणे धरले. त्याच वर्षी येमेनच्याच सोकोत्रा बेटावर अमिरातीचे सैनिक उतरले, तेव्हा तिथेही लोक रस्त्यावर आले. हे लोक कोणाचे हस्तक होते, याचा शोध आपल्या विश्लेषकांना अजून लागलेला नाही.

अमेरिकेने 2025 मध्ये मार्च ते मे हुथींविरुद्ध बॉम्बफेक केली, तिच्याविषयी बोलताना फक्त मोबाइलवरच्या गटाची गोष्ट सांगावी. अमेरिकेचे मंत्री हल्ल्याचे बेत एका गटात लिहीत होते आणि चुकून एक संपादकही त्यात होता, यावर जगभर खमंग चर्चा झाली. त्याच संभाषणात एका माणसाला टिपण्यासाठी त्याच्या मैत्रिणीची अख्खी इमारत पाडल्याचे कळवले होते आणि त्यावर शाबासकी आली होती. त्या इमारतीत आणखी कोण राहत होते, हे त्या गटात कोणी विचारले नाही आणि चर्चेतही फारसे कोणी विचारले नाही. एप्रिलमध्ये रास ईसाच्या इंधन बंदरावर सत्तरहून अधिक माणसे मारली गेली, तोवर तर आपल्या वाहिन्या दुसऱ्या विषयावर गेल्या होत्या.

शेवटची सूचना : भारताचा यात काही संबंध नाही, असे ठामपणे सांगावे.

इथे मात्र मला सूचना देणे जमत नाही, म्हणून जाणकारहो, तुमच्याशी सरळच बोलते. 1839 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांनी मुंबईहून जाऊन येमेनमधले एडन बंदर घेतले आणि 1932 पर्यंत ते शहर मुंबई इलाख्यातून चालवले गेले. वासुदेव बळवंत फडके 1883 मध्ये ज्या एडनच्या तुरुंगात वारले, ते एडन हेच. परकी फौज दाराशी आली की काय होते, हे तुम्हाला येमेनकडून शिकावे लागू नये. 2015 मध्ये आपल्या नौदलाने आणि विमानांनी तिथून हजारो भारतीय आणि परदेशी नागरिक सुखरूप बाहेर काढले, त्याचा अभिमान तुम्ही बाळगता आणि बाळगावाच. पण मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे पाहायला तुम्ही मान वळवली नाहीत. 7 ऑक्टोबर 2021 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत येमेनमधल्या युद्धगुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या तज्ज्ञगटाची मुदत वाढवण्याचा ठराव 18 विरुद्ध 21 मतांनी पडला. परिषदेच्या इतिहासात ठराव पडण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि विरोधी मतांमध्ये चीन आणि पाकिस्तानबरोबर भारताचेही मत होते. त्यानंतर चार महिनेही उलटले नाहीत, तोच सादाच्या तुरुंगावर आघाडीचा हवाई हल्ला होऊन सुमारे नव्वद कैदी मेले, आणि त्यांची चौकशी करायला तो तज्ज्ञगट उरला नव्हता. हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर पश्चिम आशियाचे जाणकार म्हणून शाली पांघरून घेणे बंद करा. ठाऊक असूनही बोलत नसाल, तर तिथे जे घडले त्यात तुमच्या गप्प बसण्याचाही वाटा आहे, आणि ते मत आपल्या नावावर का पडले, हे विचारायला तुम्हाला कोणीही अडवलेले नव्हते.