सायकल केवढ्याला घेतली?

सांगलीतनं दत्ताच्या औदुंबरला एकट्यानं सायकलवर जायचं, यात अवघड काय आहे असं मला वाटायचं. पंचवीसेक किलोमीटर, रस्ता जवळजवळ सपाट, डाव्या हाताला कृष्णामाई, ती कधी दिसणार कधी उसाच्या आड जाणार, वर जानेवारीची थंडी आणि मुख्य म्हणजे शेजारी बोलणारं कोणी नाही. मला शांतता पाहिजे होती. आता आमच्या भागात भडंग मिळेल, हळद मिळेल, मागितला नाही तरी महापूर मिळेल, पण सायकलवर एकटा दिसलेल्या माणसाला कोणी एकटं सोडेल हे काय व्हायचं नाही.

सुरुवात गेटलाच झाली. वॉचमनकाकांनी माझी घट्ट चड्डी बघितली (सायकलवाल्यांची असते ती, बुडाला जाड पॅड लावलेली) आणि लगेच आभाळाकडं बघायला लागले. म्हणाले, "पोहायला निघालाय व्हय?" मग हेल्मेट दिसलं आणि त्यांचा पुढचा प्रश्न घशातच राहिला.

कर्नाळपर्यंत बरं होतं. धुकं, ओली माती, कुठंतरी गुळाचा वास. मग पहिली मोटारसायकल आली. ओव्हरटेक करणारी मोटारसायकल वेगळी आणि चौकशीची वेगळी. चौकशीची मागनं येते, शेजारी आली की स्पीड कमी करते, तिच्यावरचा माणूस आधी मागची चक्रं बघतो, मग टायर, मग गिअरची वायर कुठनं कुठं गेलीय ते, आणि एवढं सगळं झालं की शेवटी तुमच्या तोंडाकडं.

"कुठं?"

"औदुंबर."

"का?"

ह्या 'का'ला माझ्याकडं आजही उत्तर नाही. दर्शनाला म्हणालो तर "मग एसटी हाय की." व्यायामाला म्हणालो तर "मग आमच्या फडात या, तोडीला माणसं मिळंनात." आणि "सहज" म्हणालो तर माणूस एकदम हळवा होतो, आवाज खाली आणून विचारतो, "घरात काय झालंय का?"

मग थोडं अंतर शांततेत जातं आणि खरा प्रश्न येतो. केवढ्याला घेतली?

पहिल्याला मी खरं सांगितलं. अठ्ठावीस हजार. त्यानं गाडीच थांबवली. "ह्यात जुनी मोटारसायकल आली असती राव, किक मारून!" एवढं म्हणून तो मागंच थांबला, बहुतेक कोणालातरी फोन करायला. पुढच्याला मी पंधरा सांगितली, तो म्हणाला फसवलं तुम्हाला. नांद्र्याच्या अलीकडं बारा केली, तरी माणूस हळहळला. हा भाव कुठं जाऊन थांबणार ह्याची मलाच काळजी वाटायला लागली.

ह्यात उसाच्या ट्रॅक्टरचा त्रास वेगळा. गळीत हंगाम चालू, सगळे फड तोडीला आलेले. मागनं आधी गाणं येतं, मग ट्रॅक्टर येतो, मग पहिली ट्रॉली आणि आता सुटलो म्हणून तुम्ही श्वास सोडावा तर दुसरी ट्रॉली. दोन्ही ट्रॉल्यांच्या बाहेर लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाडं तुमच्या कानाला लावत जातात. एका ट्रॉलीवर बसलेल्या पोरानं मला उसाचं कांडकं फेकून दिलं. प्रेमानं दिलं, पण चालत्या ट्रॉलीवरनं दिलं, त्यामुळं हेल्मेट घेतल्याचं सार्थक झालं.

नांद्रे सोडलं आणि चाक बसलं. बाभळीचा काटा, चांगला नखाएवढा. जवळच पंक्चरचं दुकान मिळालं म्हणून खूश झालो तर तिथं नवीनच नाटक. माझ्या ट्यूबचा व्हॉल्व बारीक, त्याच्या टोकाला एक चिमुकला नट, तो आधी सैल करायचा, मग हवा जाते आणि कॉम्प्रेसरचं तोंड त्याच्यावर बसतच नाही. दुकानदारानं चष्मा लावून बघितलं. म्हणाला, "हे बारकं कंपनीनं विसरून ठेवलंय की मुद्दाम?" पठ्ठ्यानं पंक्चर मात्र झकास काढलं, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा धरला, घासलं, सोल्यूशन लावलं, ते वाळेपर्यंत माझं गाव, गोत्र, पगार काढून घेतला. हवा मीच माझ्या हातपंपानं भरत बसलो. बघायला एवढी माणसं जमली की एसटीसुद्धा थांबली. सायकल आठ हजारावर आली.

तेवढ्यात आईचा फोन. "तू नांद्र्याच्या पुढं हातात चाक घेऊन उभा आहेस म्हणं? गाडी विकलीस का काय?" मी विचारलं कोणी सांगितलं. चौघांनी सांगितलं होतं. आणि तिनं भिलवडीच्या मावशीला कळवलं होतं.

वसगड्याला येरळा ओलांडली. इथनं पुढं कृष्णा लांब नाही, म्हणून एका पाणंदीनं काठाकडं निघालो तर एक आजोबा आडवे आले. "खाली उतरू नका. मगर हाय." मला वाटलं घाबरवतायत. त्यांनी काठीनं पलीकडं दाखवलं, तर वाळूवर ओंडक्यासारखं काहीतरी उन्हाला पडलेलं होतं आणि ओंडक्याला तोंड होतं, तेही उघडं. ह्या पट्ट्यात मगरी आहेत हे पेपरात वाचून माहीत होतं, थंडीत त्या उन्हाला बाहेर येऊन पडतात हेही. बराच वेळ आम्ही एकमेकांकडं बघत होतो. अख्ख्या रस्त्यात मला एकही प्रश्न न विचारणारा जीव तो तेवढाच. पण आजोबा होते ना. मगरीकडं बघतबघतच म्हणाले, "काय पडली ही सायकल?"

सात सांगितली.

भिलवडीत चहाला थांबलो तर भिंतीवर हात उंच करून पुराच्या खुणा दाखवणं सुरू झालं. आमच्याकडं पाहुण्याला हे दाखवावंच लागतं. सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, त्याच्यापाशी पाणी किती फूट चढलं ह्यावर आमची मुंज, लग्न, पेरणी सगळं मोजलं जातं. पंचेचाळीस फूट म्हणजे धोका, आणि २०१९ ला पाणी सत्तावन्नच्या वर गेलेलं. २००५ ला किती, २०२१ ला किती, ह्यावर दोघांची जुंपली आणि तेवढी पाच मिनिटं मला कोणी काही विचारलं नाही. चहा फार छान लागला.

पूल ओलांडून औदुंबरला पोचलो. पादुकांचं दर्शन घेतलं, घाटावर बसलो, समोरच्या काठाला भुवनेश्वरीचं देऊळ, मध्ये नाव, पाणी संथ. हेच पाहिजे होतं मला. बूट काढून पाय लांब केले आणि मागनं हाक आली, "आरं, चड्डीवर देवाला आलास का रं?"

मावशी. सोबत काका, काकांची जीप आणि घाटावरची मंडळी, ज्यांना तिनं एव्हाना माझी ओळख करून दिलेली होती.

परत भिलवडीत नेलं. पुरणपोळी, कटाची आमटी, वर वाटीभर तूप. तिसऱ्या पोळीला परत सायकल मारत सांगलीला जायचा विषय माझ्यापुरता संपला. सायकल दुधाच्या गाडीतनं पाठवायचं ठरलं, ते मला कोणी विचारलं नाही. काका मात्र ओसरीवर सायकलभोवती फिरत होते. घंटी नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, हे मोजून झालं. मग एका बोटानं उचलून बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हलकी हाय की! केवढ्याला?"

पोटात पुरण, डोळ्यात झोप. म्हणालो, "सहा हजार."

काका काही न बोलता आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी पाचशेच्या चोवीस नोटा माझ्यासमोर मोजल्या आणि म्हणाले, "दोन्ही नातवांना एकेक आण. ह्योच रंग. आणि दुकानदाराला सांग, मावशीच्या घरची हायत, अजून जरा कमी कर."