मराठी गिचमिड दिसते? फॉन्ट टाकण्याआधी ती गिचमिड नीट बघा

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: ‘कॉम्प्युटरवरच्या सोशल मीडिया ॲपमध्ये मराठी पोस्ट विचित्र खुणांत दिसली, तर व्हायरस शिरलाय. मराठी फॉन्ट टाका. ॲप काढून पुन्हा टाका. विंडोजमध्ये यूटीएफ-८ च्या चौकटीत टिक करा. तरीही जमलं नाही तर इंग्रजी अक्षरांत लिहा, मराठी सिस्टिमला जड जाते.’ माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला आणि शेवटी मामांनीही पाठवला. म्हणून हे लिहितोय.

व्हायरसचा संबंध नाही. पुढे.

फॉन्टचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. अक्षरांच्या जागी एकसारखे रिकामे चौकोन दिसत असतील तरच फॉन्ट नाही असं समजा. मजकूर तेव्हा शाबूत असतो, फक्त काढायला चित्र नसतं. पण विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा देवनागरी फॉन्ट सोबतच येतो, त्यामुळे ही वेळ आता सहसा लिनक्सवाल्यांवर येते. त्यांनी नोटो किंवा लोहित टाकावा, प्रश्न मिटला.

बाकी गिचमिडीला फॉन्टने काही होत नाही. ‘मराठी’ हाच शब्द घ्या. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशा पाच खुणा. यूटीएफ-८ ही कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची पद्धत. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट, म्हणजे साठवणीचे छोटे तुकडे, लागतात, म्हणजे एकूण १५. आता एखाद्या प्रोग्रॅमने हे बाइट विंडोज-१२५२ या, कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर हे सांगणाऱ्या, जुन्या पाश्चात्त्य तक्त्याने वाचले, तर तो प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर करतो. दर तिघांतला पहिला म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, दुसरा चलनाची खूण नाहीतर येन. तिसरा बदलता: ‘म’चा वर्तुळातला आर होतो, ‘र’चं अंशाचं चिन्ह, काना होतो चक्क पाऊण, वेलांटीचा युरो. आणि ‘ठ’ची होते न दिसणारी मोकळी जागा.

म्हणजे बाइट सगळे जागच्या जागी आहेत, वाचणारा चुकलाय. योग्य तक्ता लावला की शब्द परत येतो. पण लोक काय करतात, ती गिचमिड कॉपी करून दुसरीकडे चिकटवतात. तिथे ‘ठ’ची ती मोकळी जागा साध्या स्पेसमध्ये बदलली की ठ गेला. हलन्ताच्या तिसऱ्या बाइटला तर त्या तक्त्यात अक्षरच नाही. काही प्रोग्रॅम तो सरळ गाळतात, मग जोडाक्षरं परत जुळत नाहीत. तेव्हा गिचमिडीशी झटू नका, मूळ फाइल शोधा.

नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र मजकूर गेला. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांच्या पोस्ट मी स्प्रेडशीटमध्ये लिहून ठेवल्या होत्या. ॲपमध्ये एकदम चढवायच्या म्हणून साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या साध्या मजकूर फाइलीत, सेव्ह केल्या. रांगेने प्रश्नचिन्हं! चूक माझी, यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय होता. मूळ फाइल राहिली होती म्हणून निभावलं. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह ही आणखी वेगळी गोष्ट. नोटिफिकेशनच्या शेवटी एखादंच दिसलं तर ॲपने मजकूर बाइट मोजून कापताना एका अक्षराचे तीन बाइट मधूनच तोडलेत. आत पूर्ण पोस्ट बहुधा ठीक असते.

ॲप काढून पुन्हा टाकणं: तीच पोस्ट आधी फोनवर उघडून बघा. तिथेही बिघडलेली असेल तर ती पाठवतानाच बिघडली, तुमच्या ॲपने बिचाऱ्याने काय केलंय? फोनवर नीट आणि कॉम्प्युटरवर बिघडलेली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ॲप अपडेट करा. ॲप उडवलं की न पाठवलेले मसुदे जाऊ शकतात, एवढं लक्षात ठेवा.

आता ती टिक. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये ती चौकट खरंच आहे, तिथे ‘बीटा’, म्हणजे अजून चाचणीत, असंही लिहिलेलं असतं. ती युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांचा एकच तक्ता, यूटीएफ-८ त्याचीच पद्धत) न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांचा तक्ता बदलते, तोही सगळ्या मशीनसाठी. आजची ॲप्स बहुतेक युनिकोडवरच चालतात, त्यांना फरक पडत नाही. उलट दुकानातलं एखादं जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर वेडंवाकडं वागू लागतं आणि ते टिकमुळे झालंय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

राहिला जडपणा. मराठीच्या एका खुणेला ३ बाइट, रोमन अक्षराला १, हे खरं. पण बहुतेक इमोजींना ४ किंवा जास्त लागतात आणि त्या बंद करा असं कुणी म्हणत नाही. मामांच्या फॉरवर्डच्या शेवटी हात जोडलेल्या चार इमोजी होत्या. १६ बाइट. ‘मराठी’पेक्षा एक जास्त.