मॅपचे आकडे आणि आपली मुलं

हिवाळ्यातल्या मॅप टेस्टचे (शाळेत कॉम्प्युटरवर होणारी गणित, वाचन वगैरेंची परीक्षा) निकाल घरोघरी आले आणि न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर धावपळ सुरू झाली. "गणितात ८२ च? बाकीचे १८ कुठे गेले?" "आमचीचे ९१ वरून ८८ झाले, कोणी चांगला ट्यूटर सुचवा ना." एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. मुलांना बोलण्याआधी वाचा, ही कळकळीची विनंती.

ते ८२ मार्क नाहीतच. ते पर्सेंटाइल आहे. देशभरातली त्याच इयत्तेची १०० मुलं घेतली तर साधारण ८२ जणांच्या पुढे तुमचं मूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि पेपरातले जवळपास निम्मे प्रश्न त्याचे चुकलेलेही असतील! कारण ही परीक्षा उत्तरं बघून बदलत जाते. बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. हुशार मुलापुढे वर्गात न शिकवलेलं गणितही येऊन पडतं. माझ्या मैत्रिणीची चौथीतली लेक "मला मॅथ येतच नाही" म्हणत रडत घरी आली होती. तिचं पर्सेंटाइल होतं ९४. परीक्षेच्या आदल्या दिवशी हे तिला कोणी समजावून सांगितलं असतं तर ती रडली नसती, याचं मला फार वाईट वाटतं.

खरा बघायचा आकडा रिट स्कोअर, म्हणजे या परीक्षेतले मुलाचे प्रत्यक्ष गुण. त्याची मोजपट्टी सगळ्या इयत्तांना एकच, त्यामुळे मूल किती पुढे सरकलं ते कळतं. २०२० च्या नॉर्म्सप्रमाणे (देशभरातल्या मुलांच्या सरासरीचे तक्ते) गणितात तिसरीच्या वसंतातली सरासरी साधारण २०१ आणि चौथीच्या वसंतातली २१० च्या आसपास होती. समजा तुमचं मूल २०१ वरून २०६ वर गेलं. ते शिकलंय, पण बाकीची मुलं जास्त सरकली, म्हणून पर्सेंटाइल पन्नासावरून चाळिशीच्या आसपास उतरतं. इथे शिक्षकांशी बोलायला हवं. पण दोन-तीन गुण इकडेतिकडे झाले तर झोप उडवू नका. या मापातच साधारण तीन गुणांची चूक धरलेली असते, म्हणजे २०६ हे २०३ ते २०९ मधलं काहीही असू शकतं.

माझ्या मते रिपोर्टचा सर्वांत कामाचा भाग खाली असतो आणि तिथवर कोणी जातच नाही. तिथे विषयवार फोड असते: अंकगणित, मापन, भूमिती वगैरे. आमच्या लेकाचं मापन मागे दिसलं म्हणून त्याला एक उदाहरण घातलं: मॅच २:४५ ला सुरू झाली, १ तास ४० मिनिटं चालली, तर संपली कधी? त्याने लिहिलं ३:८५. बेरीज अगदी बरोबर, फक्त तासाची मिनिटं १०० धरलेली. ट्यूटरकडे पाठवून शंभर वर्कशीट्स करून घेतली असती तरी हे सापडलं असतं की नाही, शंका आहे. मग रोज जेवण, बस, क्रिकेट, सगळ्याच्या वेळा त्यालाच काढायला लावल्या.

अ‍ॅडव्हान्स्ड मॅथसाठी बऱ्याच शाळा हे आकडे बघतात, त्यामुळे तुमची काळजी मला कळते. मग शाळेला सरळ विचारा, कटऑफ काय आणि आणखी काय काय बघता. आपण स्कॉलरशिप आणि दहावीच्या मार्कांवर वाढलो, त्यामुळे आकडा दिसला की नंबर कितवा हेच आधी डोक्यात येतं. शिक्षकांच्या भेटीत मात्र विचारा, कुठला भाग कच्चा आहे, वर्गात तो कसा दिसतो आणि गेल्या वर्षी याच सुमाराला रिट किती होता.

आणि ग्रुपवर मुलांच्या नावासकट आकडे टाकणं कृपया थांबवूया. मुलं आपले फोन बघतात. मागच्या वेळी कोणाला किती, हे दुसऱ्या दिवशी स्कूल बसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.