बिघडलं म्हणावं, पण इंग्रजीत

इंग्लंडात चार माणसांत बसायची वेळ आली की हवामानानंतरचा विषय ठरलेला असतो: पूर्वीसारखं काही राहिलं नाही. तिथे गप्प बसू नका. पूर्वी काय होतं ते ठाऊक नसलं तरी चालतं. ठाऊक असणाऱ्याचीच पंचाईत होते, त्याला अपवाद आठवतात.

तोंड 'यूज्ड टू'ने उघडायचं. उच्चार 'यूस्टू', मधला 'ड' गिळून. आणि ते सुटलेल्या सवयीलाच लावायचं. 'आय यूज्ड टू गो टू ऑफिस डेली' असं आपल्याकडच्या थाटात बोललात, तर तुमची नोकरी गेली असं समजून समोरचा सांत्वन करील. करू द्या, विषयाला धरूनच आहे.

मग कोण कुठे गेलं ते नीट बघा. देश जातो कुत्र्यांकडे, 'गॉन टू द डॉग्ज'. माणसांच्या पानातून उतरलेलं अन्न त्यांच्यापुढे जायचं, त्यावरून. यातला 'द' खाल्लात तर देशाची काळजी करायचा तुमचा अधिकार लगेच तपासला जातो. शुद्धलेखन आणि हिरवळ भांड्यात जातात, 'गॉन टू पॉट'. वाक्प्रचार सोळाव्या शतकापासूनचा, भांडं अजून भरलेलं नाही. एके काळचा टापटिपीचा गृहस्थ आता पायजम्यावरच दूध आणायला निघतो, तो 'गॉन टू सीड'. वाफ्यात कोथिंबीर लावणाऱ्याला हे समजावायला नको: ऊन तापलं की दांडा चढतो, पानं चिरटी होतात, चव उतरते, वर फुलं डोलतात. हे पुलाला किंवा रेल्वेला मात्र लावू नका. त्यांना बी धरत नाही.

पडक्या वाड्यासाठी 'रॅक अँड रुइन'. हा रॅक भांड्यांचा नव्हे, फुटक्या जहाजाच्या 'रेक'चा सख्खा भाऊ. फाटक्या सोफ्याला 'सीन बेटर डेज' म्हणा. शेक्सपिअरने वापरलेलं असल्यामुळे सोफ्याची नसली तरी तुमची पत वाढते.

'लाँग इन द टूथ' घोड्यांच्या बाजारातलं. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, म्हणून वय ओळखायला गिऱ्हाईक आधी जबडा उघडतं. जुन्या नटाला, जुन्या कायद्याला, जुन्या संगणकाला बेलाशक लावा. यजमानीणबाई हसत असताना मात्र नको.

डोडो शेवटपर्यंत राखून ठेवा. डच लोक मॉरिशसला उतरले १५९८ साली. तो पक्षी दिसल्याची शेवटची नोंद बहुतेक जण १६६२ ची मानतात. म्हणून 'गॉन द वे ऑफ द डोडो' शोभतं ते समूळ संपलेल्या वस्तूलाच. आपली २०१३ च्या जुलैत बंद झालेली तार चालेल. पाइंट नाही चालणार. ५६८ मिलिलिटरचा तो बिअरचा पेला मेट्रिक पद्धतीलाही पुरून उरलाय, आणि त्यावरच हात ठेवून समोरचा तुम्हाला सांगत असतो की जुनं काही म्हणून उरलं नाही. मान हलवा. पुढच्या फेरीचे पैसे तुम्ही द्यायचे असतात, आणि किंमत तेवढी खरोखरच पूर्वीची राहिलेली नाही.